नेमाची रायफल आणि शिकारीची रायफल



रायफल घ्यावयाची तर ती नेमबाजीसाठीं मुद्दाम घडविलेली घ्यावी, कीं साधी शिकारीची घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ हौशी माणसाचा दिसतो. परंतु पालघर, बोईसर आणि तारापूर ह्या टापूंत तो दोन अगदीं निरनिराळ्या प्रकारच्या घरांपुढें उभा राहतो. एक घर बोईसरच्या कारखान्यांत किंवा तारापूरच्या अणुवीज केंद्रांत नोकरी करणाऱ्याचें. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्निल कुसाळे ह्यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळविलें, तें ह्या घरांतील मुलीनें पाहिलेलें असतें, आणि आपणही रायफल हातीं धरावी असें तिच्या मनानें घेतलेलें असतें. दुसरें घर शेतीवाडीचें. घरधनी पालघरास राहतो, पण वडिलार्जित जमीन मनोर, विक्रमगड किंवा जव्हारच्या बाजूस आहे. भात पोटरीला आलें कीं रात्रीं रानडुकरांचा कळप खाचरांत शिरतो, आणि खातो त्याहून अधिक तुडवून जातो. वडिलांच्या नांवचा बंदुकीचा परवाना पेटींत असतो, आणि चांगली रायफल घेतली तर हा उपद्रव टळेल, असें त्या गृहस्थास वाटूं लागतें.

ह्या दोन्ही घरांना दुकानदार कदाचित् एकच उत्तर देईल, कीं जितकी अचूक तितकी चांगली. हें उत्तर अपुरें आहे, आणि एका घराच्या बाबतींत तर तें धोक्याचें आहे. तें कां, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम रायफल म्हणजे काय तें पाहूं. साध्या छऱ्याच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळींत पेचदार खाचा पाडलेल्या असतात. त्यांत पिळवटून बाहेर पडणारी गोळी भोंवऱ्याप्रमाणें स्वतःभोंवतीं फिरत जाते, आणि फिरत असल्यामुळेंच कोलमडत नाहीं. एवढें तत्त्व दोन्ही जातींच्या रायफलींना सारखेंच आहे. भेद पुढें पडतो, आणि तो घडणींतील बारकाव्यांत आहे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणाऱ्या कारागिरास हा भेद समजावून सांगावा लागणार नाहीं. सुताराची मोजपट्टी आणि मायक्रोमीटर हीं दोन्ही मोजण्याचींच साधनें. पण दार बसवावयास मायक्रोमीटर घेऊन कोणी जात नाहीं आणि मोजपट्टीनें कोणी बेअरिंग तपासीत नाहीं. ह्या कारागिरांना माहीत असलेलें एक नांव आपल्या विषयाच्या इतिहासांतही येतें. स्क्रूच्या आट्यांचें पहिलें सर्वमान्य प्रमाण ठरविणारे इंग्लंडचे यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनीं १८५० नंतरच्या दशकांत षट्कोनी नळीची एक रायफल तयार केली. १८५७ च्या चांचणींत तिनें लष्करी एन्फील्ड रायफलीस लांबच्या पल्ल्यावर सहज मागें टाकलें. २ जुलै १८६० रोजीं विंबल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीनें नेमबाजीच्या सामन्यांचा आरंभ केला, तोही आधींच रोखून ठेवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढूनच. चारशें यार्डांवर गोळी लक्ष्याच्या मध्यापासून फार तर दोन बोटांवर लागली. इतकें असूनही सैन्यानें ती रायफल स्वीकारली नाहीं. ती फार महाग होती, आणि तिच्या अरुंद नळींत दारूची काजळी लवकर सांचत असे. चांचणीच्या मैदानावर जी सर्वांत श्रेष्ठ ठरली, ती चिखलापावसांतून पायपीट करणाऱ्या शिपायाच्या हातीं देण्याजोगी ठरली नाहीं. आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर ह्या एका हकीकतींत आलें आहे.

आतां अचूकपणा कसा मोजतात तें पाहूं. वर्तुळाचा एक अंश घेतला आणि त्याचे साठ भाग केले, तर त्यांतील एका भागास कला म्हणतात. शंभर मीटरांवर एक कला म्हणजे सुमारें २९ मिलिमीटर. पन्नास मीटरांवर त्याच्या निम्मे. चांगली साधी शिकारी रायफल टेकूवर ठेवून झाडली, तर तिच्या गोळ्या साधारणपणें दोन-तीन कलांच्या घेरांत पडतात. म्हणजे पन्नास मीटरांवर तो घेर तीन ते साडेचार सेंटिमीटर भरतो. एखादें लिंबू समोर धरावें, तेवढा.

हा घेर पुष्कळ कीं थोडा? उत्तर लक्ष्यावर अवलंबून आहे. श्री. कुसाळे ज्या सामन्यांत उतरले, तो पन्नास मीटरांवरचा, गुडघा टेकून, पालथें पडून व उभें राहून नेम मारण्याचा सामना. त्यांतील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें, आणि अंतिम फेरींत त्याच्याही आंत गुणांचे दशांश मोजतात. श्री. कुसाळे ह्यांचे अंतिम फेरींतील गुण ४५१.४ होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या हिशेबांतील बारकावा कळेल. लिंबाएवढ्या घेरांत गोळ्या टाकणारी रायफल येथें नेमबाजाचे गुण फुकट घालवील. दोष तिचा, आणि शिक्षा त्याला. उलट रानडुकराच्या छातीचा मर्मभाग साधारण वितीएवढा असतो. तेथें लिंबाएवढा घेर पुरून उरतो. साध्या रायफलीचा अचूकपणा तेथें आधींच गरजेहून अधिक आहे. धांपा टाकीत, अंधारांत, उभ्यानें झाडणाऱ्या माणसाचा हात मात्र वितींनीं चुकतो, आणि ती चूक कोणतीही नळी दुरुस्त करीत नाहीं.

हें पटल्यावर दोन्ही रायफलींची रचना अशी कां, तें आपोआप उलगडतें. नेमाच्या रायफलीची नळी जाड व जड असते, म्हणजे ती झाडतांना थरथर कमी होते आणि एकामागून एक गोळ्या झाडल्या तरी तापून वांकत नाहीं. पन्नास मीटरांच्या ह्या सामन्यांत आठ किलोग्रॅमपर्यंत वजनाची रायफल चालते. दहा मीटरांच्या हवाई रायफलीस साडेपांच किलोग्रॅमची मर्यादा आहे. शिकारी रायफल तीन-साडेतीन किलोग्रॅमची असते, कारण ती खांद्यावर घेऊन डोंगर चढावयाचा असतो. नेमाच्या रायफलीचा दस्ता नेमबाजाच्या गालाला, खांद्याला, हाताच्या लांबीला जुळविण्यासाठीं ठिकठिकाणीं सरकवितां येतो. तिचा चाप इतका हलका असतो कीं बोटाचा स्पर्श आणि गोळी सुटणें ह्यांत अंतर जवळजवळ राहूं नये. तिला मागें बारीक छिद्राची व पुढें वर्तुळाकार माशीची निशाणी असते. बहुधा ती एका वेळीं एकच काडतूस घेते. इतकेंच नव्हे, तर अव्वल नेमबाज आपल्या नळीला कोणत्या घाण्याचीं काडतुसें मानवतात हेंही निरनिराळे डबे झाडून पाहून ठरवितो. कारण एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतही फरक पडतो.

मैदानांतील हे सारे गुण रानांत दोष होतात. हलका चाप थंडीनें बधिर झालेल्या बोटाखालीं किंवा ठेंच लागतांच सुटतो. बारीक छिद्रांतून संध्याकाळनंतर कांहीं दिसत नाहीं. आठ किलोग्रॅमचें ओझें घेऊन जव्हारचा घाट चढणारा माणूस वर पोहोंचेपर्यंत नेम धरण्याच्या स्थितींत राहत नाहीं. एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीनें जनावर जखमी झालें, तर त्याची वेदना संपविणारी दुसरी गोळी वेळेवर मिळत नाहीं. शिवाय पन्नास मीटरांच्या सामन्याचें काडतूस .२२ बोअरचें असतें. कागद भेदावयास तें उत्तम आहे; रानडुकरावर तें झाडणें म्हणजे त्याला मारणें नव्हे, तर कित्येक दिवस कुजत ठेवणें होय.

आपल्या किनाऱ्याचें हवामानही ह्या हिशेबांत धरलें पाहिजे. तारापूर-चिंचणीकडील खारा वारा पोलादाला गंज आणतो आणि चार महिन्यांचा पाऊस लांकूड फुगवितो. लांकडी दस्ता फुगून नळीला एके ठिकाणीं दाबूं लागला कीं गोळीचा मार्ग सरकतो. मे महिन्यांत नीट लागणारी रायफल भाद्रपदांत बाजूला लागते. म्हणूनच नेमाच्या रायफलींत नळी पुढील भागीं दस्त्याला कोठेंही टेकूं देत नाहींत, आणि अलीकडे धातूचे दस्ते रूढ झाले आहेत. साध्या रायफलीच्या मालकानें निदान पावसाळ्यानंतर मैदानावर जाऊन तिची निशाणी पुन्हां तपासावी, ही गोष्ट फार थोडे लोक करतात.

शिकारी रायफलीविषयीं आपल्या देशांतील एक विशेष गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश अमदानींत सैन्याच्या .३०३ बोअरचीं शस्त्रें व काडतुसें खासगी लोकांच्या हातीं जाऊं नयेत असा सरकारचा कटाक्ष होता. म्हणून विलायतेच्या बंदूक कारखान्यांनीं हिंदुस्थानच्या बाजारासाठीं .३१५ बोअरची रायफल काढली. तिचें काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मान्लिखर लष्करी काडतुसावरून घेतलेलें. स्वातंत्र्यानंतर ही रायफल बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत होऊं लागली, आणि परवानाधारक घरांतून ती आजही दिसते. तेव्हां आपल्याकडे ज्यास शिकारीची रायफल म्हणतात, तिचा बोअर कोणा शिकाऱ्यानें रानांत अनुभव घेऊन निवडलेला नाहीं. तो राज्यकर्त्यांच्या धास्तींतून आलेला आहे. ती जड गोळीची, जवळच्या अंतराची रायफल आहे. तिच्यावर महागडी दुर्बीण बसवून तिला नेमाची रायफल करूं पाहणें म्हणजे बैलगाडीला मोटारीचा वेगमापक लावण्यासारखें आहे.

आणि जवळच्या अंतराला ती पुरते. जिम कॉर्बेट ह्यांना १९०७ सालीं चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल .२७५ बोअरची एक साधी, हलकी रायफल भेट मिळाली होती. १९२६ सालीं रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यास त्यांनीं मारलें, तें आंब्याच्या झाडावर रात्रींमागून रात्रीं बसून, विजेरीच्या उजेडांत, अगदीं जवळून. त्या प्रसंगीं उपयोगी पडला तो त्यांचा संयम, जनावराच्या संवयींचें ज्ञान, आणि समोर काय आहे हें दिसल्याखेरीज चाप न ओढण्याचा निश्चय. रायफलीची जात ही त्या यादींत पुष्कळ खालीं येते.

ह्या शेवटच्या गुणाविषयीं आपल्या जिल्ह्याला अलीकडेच फार कडू धडा मिळाला आहे. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मनोरनजीक बोरशेतीच्या रानांत कांहीं गांवकरी रानडुकराच्या शिकारीस गेले. त्यांच्यांतील एकानें आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. तो मनुष्य मरण पावला, आणि पोलिसांना वर्दी न देतां त्याचें प्रेत झाडींत लपविण्यांत आलें. ही गोष्ट पुढें फेब्रुवारींत तपासामध्यें उघडकीस आली. एका घरचा माणूस गेला, आणि ज्यांच्याबरोबर तो विश्वासानें रानांत गेला त्यांच्यावर तुरुंगाची पाळी आली. ह्या प्रसंगीं अधिक अचूक रायफलीनें काय साधलें असतें? ज्यावर रोखली त्यावरच ती गोळी लागली होती. अचूकपणा म्हणजे गोळी आणि नजर ह्यांचें ऐक्य. नजरेनेंच माणसाला डुक्कर ठरविलें असेल, तर रायफल जितकी उत्तम तितका अनर्थ निश्चित.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी परवाना काढून शिकार करतां येत असे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याखालीं पुढें हौसेची शिकार देशांत बंद झाली. राजेरजवाड्यांचा तो शौक इतिहासजमा झाला, आणि झाला हें चांगलेंच झालें. उभ्या पिकाचें नुकसान करणाऱ्या जनावरांसाठीं त्याच कायद्याच्या अकराव्या कलमांत वाट ठेवलेली आहे, पण ती अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी व सकारण हुकुमाची वाट आहे. बंदुकीचा परवाना पेटींत असणें म्हणजे जनावर मारण्याची परवानगी असणें नव्हे. पहिला शस्त्रास्त्रांच्या १९५९ च्या कायद्याखालील कागद, दुसरी अगदीं निराळी गोष्ट. वारशानें मिळालेल्या शस्त्रासही वारसाच्या नांवचा स्वतंत्र परवाना लागतो, हेंही पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

आतां दोन्ही घरांकडे पुन्हां वळूं.

शेतीवाडीच्या घरास माझें सांगणें असें, कीं नेमाची रायफल तर घेऊंच नये, आणि शिकारीची रायफल घेण्यापूर्वीही पिकाच्या राखणीचे इतर उपाय करून पाहावेत. बळकट कुंपण, माळ्यावरची जागती राखण, शेजाऱ्यांनीं मिळून वांटून घेतलेल्या रात्री, नुकसान होतांच वनखात्याकडे रीतसर अर्ज, ह्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत; पण त्यांनीं कोणाचा जीव जात नाहीं. हुकूम मिळून गोळी झाडण्याची वेळ आलीच, तर साधी, मजबूत, चापाला पुरेसा ताण असलेली, मालकाच्या संवयीची रायफल पुरे आहे. तिच्यासाठीं पैसे खर्चावयाचे असतील तर ते काडतुसांवर आणि मैदानावरील सरावावर खर्चावेत. पालघरची भूमि सपाट आहे हें विसरूं नये. शिकारी काडतुसाची गोळी लक्ष्य चुकली तर कित्येक किलोमीटर जाऊं शकते, आणि इवलीशी .२२ ची गोळीसुद्धां दीड किलोमीटर जाऊं शकते. पालघर आणि बोईसर ह्यांच्यामध्यें उमरोळीचें एकच स्टेशन आहे. शेत, पाडा, रूळ आणि कारखाना हीं एकमेकांना इतकीं लागून आहेत कीं मागें डोंगराचा किंवा मातीच्या बांधाचा आडोसा नसेल तर कोणतीही गोळी कोणाच्या तरी अंगणाच्या दिशेनेंच जाते.

ज्या घरांतील मुलगी नेमबाजी शिकूं पाहते, त्या घरास मात्र मी उलट सांगेन. तिला वडिलांची जुनी शिकारी रायफल देऊन शिकवूं नये. वजन तिच्या हाताला न बसणारें, चाप जड, खांद्याला धक्का. अशा साधनानें ती पहिल्या महिन्यांतच डोळे मिटून चाप ओढण्याची खोड लावून घेईल, आणि ती खोड पुढें वर्षानुवर्षें जात नाहीं. तिनें दहा मीटरांच्या हवाई रायफलीपासून आरंभ करावा. तिची ४.५ मिलिमीटरची शिशाची गोळी दाबलेल्या हवेनें सुटते, धक्का नाममात्र असतो, आणि चूक कोठें झाली हें ताबडतोब दिसतें. लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. २००८ सालीं बीजिंग येथें श्री. अभिनव बिंद्रा ह्यांनीं सुवर्णपदक मिळविलें तें ह्याच प्रकारांत. आपल्या मुंबईच्या श्रीमती अंजली भागवत ह्यांनीं २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली तीही ह्याच रायफलीनें. पुढें हात स्थिर झाल्यावर .२२ च्या रायफलीकडे जावें; कोल्हापूरच्या श्रीमती तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें ज्या प्रकारांत जगज्जेत्या झाल्या, तो पन्नास मीटरांवरचाच होता.

तरी येथेंही घाई नको. मुद्दाम घडविलेली रायफल महाग असते, आणि ती वाढत्या वयाच्या मुलीस दोन वर्षांत अपुरी पडते. आधीं संस्थेच्या मैदानावर संस्थेचीच रायफल वापरावी, शिक्षकाच्या देखरेखीखालीं उभें राहण्याची रीत, श्वास आणि चाप ह्यांचा अभ्यास करावा. स्वतःच्या रायफलीची गरज केव्हां उत्पन्न होते, त्याची एक सोपी खूण आहे. जोंपर्यंत शिकणाराचे नेम रायफलीच्या घेराहून अधिक विखुरतात, तोंपर्यंत नवी रायफल घेऊन कांहीं पदरांत पडत नाहीं. ज्या दिवशीं तिचा हात संस्थेच्या रायफलीहून अधिक अचूक झालेला दिसेल, त्या दिवशीं बापानें खुशाल खिशांत हात घालावा.

तात्पर्य, ह्या दोन रायफलींत श्रेष्ठ कोणती हा प्रश्नच मुळांत नीट मांडलेला नाहीं. विचारावयाचें तें असें, कीं माझी जी गोळी लक्ष्य चुकेल, ती कोठें जाईल? मैदानावर चुकलेल्या गोळीसाठीं मातीची भिंत बांधून ठेवलेली असते. तेथें चुकीची किंमत गुणांत मोजतात, आणि म्हणूनच तेथें माणसाला निर्धास्तपणें लाख वेळां चुकून शिकतां येतें. रानांत चुकलेल्या गोळीसाठीं कोणीं भिंत बांधलेली नसते. ती भिंत झाडणाऱ्याच्या विवेकाचीच असावी लागते. ज्यास ह्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतां येत नाहीं, त्यानें दोन्हींपैकीं कोणतीही रायफल घेऊं नये. आणि ज्यास तें देतां येतें, त्याला आपल्या कामाची रायफल कोणती हें दुकानदाराला विचारावें लागणार नाहीं.